चुन्याची खूण

"चुना होता तो. मळ नव्हता. चुना!"

बाबा कोठीच्या खोलीत बाटलीशी बोलत होते. मी तिथेच, त्यांच्या कोपरापासून वीतभर अंतरावर, फळीवरून मिठाची बरणी काढत होते. पण त्यांनी मला पाहिलं नाही. अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी माणसाला पाहायचं असतं तेवढंच दिसतं.

"साठ वर्षं मी तुला धक्का लागू दिला नाही," ते बाटलीला म्हणाले, "आणि त्या बाईनं तुला आंघोळ घातली."

ती बाई म्हणजे माझी वहिनी, झुल्मिरा. आमांदियोदादा आणि ती आदल्या संध्याकाळी लियाँहून आले होते. दादाचा साठावा वाढदिवस सेंट मार्टिनच्या दिवशी आला होता आणि त्या दिवशी पोर्तोसमोर नदीकाठी असलेल्या आमच्या गाया गावात घराघरात चेस्टनट भाजतात, त्यामुळे निराळा घाट घालायची गरज नव्हती. वहिनीनं तीस वर्षं लियाँला लोकांची ऑफिसं लखलखीत ठेवली. कुणाच्याही घरी गेली की पहाटे सहाला उठून ती काहीतरी घासायला घेते. तिच्या मायेची रीतच ती. नाताळात आली तेव्हा तिनं माझी सगळी पातेली घासली होती आणि मी आठवडाभर खूश होते. या खेपेला तिला कोठीत, बाबांनी सणासाठी तळघरातून आणून ठेवलेली, एक काळी, धुळकट, पोटावर पांढरा फराटा ओढलेली बाटली उभी दिसली. तिनं ती मोरीत आडवी केली, व्हिनेगर आणि काथ्या घेऊन चोळून चोळून आरशासारखी केली, आणि कोरड्या फडक्यानं पुसून जागच्या जागी ठेवली.

आता तो पांढरा फराटा म्हणजे काय, हे आमच्या टेकडीवरच्या मांजरालाही ठाऊक आहे. विंटेजच्या, म्हणजे एकाच निवडक सालाच्या वाइनच्या बाटलीला लेबल नसतं. ती तळघरात आडवी झोपते आणि तिच्या वरच्या अंगाला ब्रशानं चुना लावतात. वर्षानुवर्षं वाइनमधला गाळ, म्हणजे साका, खालच्या अंगाला धरत जातो, सालीसारखा. पुढे कधी कुणी बाटली हलवली, उचलली, दुसऱ्या घरी नेली, तरी चुना वर ठेवायचा. ओतताना तर ठेवायचाच, म्हणजे साका खाली चिकटलेला राहतो आणि वर येते ती निखळ वाइन. चुना म्हणजे त्या बाटलीचं तोंड कुठे आणि पाठ कुठे, याची खूण.

झुल्मिरावहिनी आतल्या डोंगराकडची. तिच्या माहेरी चुना फक्त भिंतीला लावतात.

"बाबा," मी म्हटलं.

ते दचकले नाहीत. "ओती, हे बघ. आता मी साका कुठं शोधू? काळी काच, काळी वाइन. हिला पाठ कुठली आणि पोट कुठलं?"

"एव्हारिस्तो येतोय ना. बघू काहीतरी."

"तो काय बघणार? त्याला मीच शिकवलंय." मग त्यांनी आवाज खाली आणला. "आणि हे बघ. आज स्वयंपाकघरातून मुरंब्याफिरंब्याच्या गप्पा नकोत. ही दादाची बाटली आहे. ही मी एकटा चाखणार. मी सांगेन, मग बाकीच्यांनी बोलायचं."

मी मिठाची बरणी छातीशी धरून उभी राहिले. दोन वर्षांत मुरंब्याचा विषय त्यांनी उघड काढला तो ही पहिलीच वेळ.

*

बाबांनी नदीकाठच्या एका कंपनीत चाळीस वर्षं वाइन चाखून निवाडा दिला. कुठलं पिंप कुठल्या पिंपात मिसळायचं, कुठलं आणखी दहा वर्षं पडू द्यायचं, कुठलं साल विंटेज म्हणून जाहीर करायचं, हे त्यांच्या नाकावर चालायचं. बेल्मिरो वालादासचं नाक म्हटलं की पलीकडच्या पोर्तोतले व्यापारीसुद्धा टोपी काढायचे. निवृत्त झाल्यावरही दर गुरुवारी नमुन्यांच्या छोट्या बाटल्या आमच्या घरी येत राहिल्या. त्यांच्या जागी बसलेला एव्हारिस्तो त्या स्वतः घेऊन येई. मास्तरांनी हो म्हटल्याशिवाय त्याचा पेन कागदाला टेकत नसे.

दोन हिवाळ्यांपूर्वी सगळ्या जगाला आला तो ताप बाबांनाही आला. ताप गेला, खोकला गेला, भूक परत आली. एका सकाळी दूध उतू जाऊन जळलं, घरभर करपट धूर झाला, मी बागेतून धावत आले, तर बाबा चुलीशेजारी खुर्चीत बसून पेपर वाचत होते. शांतपणे. पान उलटून म्हणाले, "काय गं, धावतेस कशाला?"

मी खिडकी उघडली. "काही नाही," म्हटलं.

त्या काही नाहीपासून सगळं सुरू झालं.

पुढच्या गुरुवारी ते नमुने घेऊन खिडकीशी बसले. रंग पाहिला, पेला फिरवला, नाकाशी धरला, आणि धरूनच बसले. एरवी अर्ध्या मिनिटात त्यांचं होत असे. मला ते बघवेना. मी मागून पेले उचलायच्या निमित्तानं गेले, एकाचा वास घेतला, आणि स्वयंपाकघरात जाऊन मोठ्यानं म्हणाले, "अहो बाबा, बिहीच्या फळांच्या मुरंब्याची कढई आठवते का हो आईची? तळाशी लागलेलं खरवडून खायचो आम्ही?" पेला खाली ठेवल्याचा आवाज आला. मग पेनाचा आवाज. त्या दिवशीच्या कागदावर लिहिलं होतं, 'पहिलं पिंप: मुरंब्याच्या कढईचा तळ.'

तेव्हापासून दर गुरुवारी मी स्वयंपाकघरातून गप्पा मारते. ओली पाटी. इस्त्रीखालची चादर. लोकरीच्या कपड्यांच्या पेटीत ठेवलेलं संत्र्याचं साल. बाबा लिहितात. मी त्यांना कधी सांगितलं नाही की मी सांगतेय, आणि त्यांनीही कधी विचारलं नाही की तू एवढी का बडबडतेस.

मला हे सगळं शिकवलं कुणी, तर कुणीच नाही. चाखायच्या खोलीत बायकांना मज्जाव होता. अत्तरं लावतात म्हणे. मी जन्मात अत्तर लावलं नाही, पण नियम तो नियम. बाबा नमुन्यांचे पेले घरी आणत आणि ते धुवायचं काम माझं. धुण्याआधी मी प्रत्येक पेल्यात नाक घालायची, आणि रात्री जेवताना बाबा आईला काय सांगतात ते ऐकायची. देवदार म्हणाले तर हा देवदार. तंबाखू म्हणाले तर हा तंबाखू. माझी शाळा मोरीत भरली.

एव्हारिस्तोला कळलं असणारच. त्याच्याकडे मास्तरांचे चाळीस वर्षांचे कागद आहेत, त्यात कुठेही कढई नाही की चादर नाही. एका गुरुवारी कागद वाचून तो म्हणाला, "मास्तर, हल्ली तुमची भाषा फार घरगुती झालीय." हे म्हणताना तो बघत माझ्याकडे होता. मी भांडी आपटली. त्यानं कागद घडी करून खिशात घातला. दादाला मी फोनवर एकदा म्हटलं, बाबांना हल्ली जरा सर्दी असते. "दोन वर्षं?" असं त्यानं विचारलं, आणि लगेच तिथल्या पावसाबद्दल बोलायला लागला.

*

एव्हारिस्तो बाराला आला. हातात फुलं, डोक्याला तेल, चाळिशीचा माणूस पण आमच्या उंबऱ्यावर आला की शाळकरी होतो.

"मास्तर, उत्सवाला कोण आलंय बघा!"

"तू आलायस, दिसतंय मला. बाटली बघ."

एव्हारिस्तोनं बाटली पाहिली आणि त्याचा चेहरा उतरला. "चुना?"

"मी पुसला," झुल्मिरावहिनी मागून म्हणाली. तिच्या हातात अजून फडकं होतं. "मला वाटलं, आज सणाचं, जेवणाच्या मेजावर येणार, तर अशी घाण... म्हणजे मला वाटलं, घाण आहे."

"हलवली का?"

"घासताना हलते ना हो थोडी," वहिनी म्हणाली. "गोल फिरवून घासली."

एव्हारिस्तोनं डोळे मिटले. दादा खिडकीतून नदीकडे बघायला लागला, जणू तिथे काही बुडत होतं.

"आठवडाभर थांबूया का, मास्तर? उभी ठेवून?"

"अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या माणसाला आठवडाभर थांब म्हणतोस? आणि याचा साठावा काय पुन्हा येणार आहे पुढच्या शनिवारी?"

मला तेव्हा आमच्या खिडक्यांचं सुचलं. कितीही पुसा, काचेवर जुना डाग असला की थंडीत वाफ धरताना तो परत दिसतो. मी बाटली उचलली, अगदी सावकाश, उभीच, आणि चष्मा पुसताना फुंकतो तसा तिच्यावर श्वास सोडला. हा… एका बाजूला, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. काच धूसर झाली. आणि एके ठिकाणी, हाताच्या पंजाएवढ्या जागेवर, तिनं वाफ धरलीच नाही. वेडावाकडा फराटा, ब्रशाचे केस मोजता येतील असा. क्षणभर राहिला आणि गेला.

"देवा!" एव्हारिस्तो म्हणाला.

बाबांनी खडूचा तुकडा मागावा तसा वहिनीपुढे हात केला, पण तिच्या हातात फडकंच होतं. मीच बरण्यांवर तारखा घालायची मेणाची पेन्सिल ओट्यावरून आणून दिली. मी पुन्हा फुंकर घातली आणि त्यांनी तेवढ्यात खूण केली.

अंगणात चेस्टनटचा विस्तव फुलला होता. बाबांनी त्यात चिमटा तापायला घातला. साठ वर्षांच्या बुचाला कॉर्कस्क्रू लावला तर त्याचा भुसा होतो, म्हणून बाटलीची मानच उडवायची. चिमट्याच्या टोकाला मानेएवढं कडं असतं. ते लाल झालं की बुचाखाली मानेभोवती धरायचं, मोजायचं, काढायचं, आणि लगेच गार पाण्याचा बोळा फिरवायचा. बाबांचा हात चमचा धरताना थरथरतो. चिमटा धरताना थरथरला नाही. "वीस," ते म्हणाले, एव्हारिस्तोनं ओला बोळा लावला, आणि टिक् असा इवलासा आवाज होऊन मान बुचासकट सुटून आली. स्वच्छ, सुरीनं कापल्यासारखी. काचेतून बुचावरचा आकडा दिसत होता, १९६३.

दादानं तो तुकडा हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. तो जन्मला तेव्हा ही वाइन कुठेतरी पिंपात निवळत होती. बाबांनी त्याच्या नावानं दोन बाटल्या ठेवल्या. पहिली त्याच्या लग्नात फोडली. झुल्मिरावहिनी नवी नवरी, एक घोट घेऊन म्हणाली, "खोकल्याच्या औषधासारखी आहे, नाही?" चौतीस वर्षं झाली, बाबांनी ते वाक्य जपून ठेवलंय. माझ्या नावाची बाटली नाही. मी जन्मले त्या एकोणसत्तर साली द्राक्षं पिकली तेव्हा पावसानं सगळं भिजवलं आणि आमच्या बाबांनीच ते साल जाहीर करायच्या लायकीचं नाही म्हणून सांगितलं. बरोबरच होतं ते. मी चाखून पाहिलंय.

मग त्यांनी मेणबत्ती लावली, पेन्सिलची खूण वर ठेवली, आणि काचेच्या सुरईत ओतायला सुरुवात केली. मेणबत्तीच्या उजेडात बाटलीच्या खांद्याशी धारेचा रंग दिसत होता. जुन्या कौलाचा तांबडा, कडेला कांद्याच्या सालीसारखा पिवळसर. सगळे श्वास धरून होते. शेवटी दोन बोटं उरली तेव्हा धारेत धुराची एक काडी आली आणि बाबांनी हात तिथल्या तिथे थांबवला. साका पाठीला तसाच चिकटलेला होता. वहिनीच्या काथ्यानं त्याचं काही वाकडं झालं नव्हतं.

आणि वास आला.

पहिल्यांदा कुलूपबंद खोलीचा, जरा कोंदट, आणि तो गेल्यावर, चर्चमध्ये मेणबत्त्या विझवल्याबरोबर येतो तो. मग सुकी अंजिरं. मग मागून, खूप मागून, कुणीतरी शेगडीवर संत्र्याचं साल टाकून निघून गेल्यासारखं. मी नदीच्या या काठावर चोपन्न वर्षं राहतेय, आमच्या गल्लीच्या भिंतींनासुद्धा वाइनचा वास आहे. पण असं मला कधी काही भेटलं नव्हतं. एव्हारिस्तोनं माझ्याकडे पाहिलं. दादानं माझ्याकडे पाहिलं. वहिनी म्हणाली, "अगं बाई!" आणि लगेच तोंडावर फडकं धरलं.

बाबा सुरईवर वाकले होते. त्यांच्या नाकपुड्या फुलल्या, मिटल्या, फुलल्या. मग ते सरळ झाले. "दोन तास मोकळी राहू दे," ते म्हणाले. "कोंडलेली आहे."

*

जेवायला भाजलेलं डुकराचं मटण होतं, बटाटे होते, कोबी होता. काय चव होती ते मला आठवत नाही. सुरई कपाटावर होती आणि सगळे तिच्याकडे पाठ करून बसल्यासारखे बसले होते. दादानं लियाँच्या गर्दीवर विनोद केला. एव्हारिस्तो आधी हसला आणि मग त्यानं विचारलं की विनोद काय होता.

बाबा काट्यानं बटाटा कुस्करत होते. मला वाटत होतं, त्यांना पाठ आहे ना सगळं. लग्नातली पहिली बाटली त्यांनी लिहून ठेवलीय, देवदार, तुतीची फळं, सुकी अंजिरं. तेच म्हणतील. थोडा वयाचा मीठमसाला घालतील. आम्ही माना हलवू, टाळ्या वाजवू, दादा रडेल, आणि सेंट मार्टिन पार पडेल. मी त्या खोटेपणाची वाट बघत होते, देवाशप्पथ. फार सोपं होतं ते.

मी चेस्टनटची परडी आणली. बाबांनी पाच पेले भरले. पहिला स्वतः घेतला. उजेडाकडे धरला, खाली आणला, नाकाशी नेला, घोट घेतला. तोंडात फिरवला. गिळला. आम्ही पेले हातात धरून थांबलो होतो, आणि मग थांबवेना म्हणून एकेकानं घेतला.

मी वर्णन करत नाही. वास सांगितला तेवढ्यावर भागवा. एवढंच सांगते की गिळल्यावरही ती बराच वेळ गेली नाही, आणि दादाचा खालचा ओठ लहानपणी पडला की हलायचा तसा हलला.

"गेली," बाबा म्हणाले.

आम्ही पेले खाली आणले.

"मेलेली आहे. साखर आणि जाळ. बाकी काही नाही तिच्यात." त्यांनी आणखी एक घोट घेतला, स्वतःवर खटला चालवल्यासारखा. "काहीच नाही."

साखर आणि जाळ. मी त्या तापात चार दिवस वासाशिवाय होते, तेव्हा मधाची आणि ब्रँडीची चव अगदी तेवढीच लागली होती. त्यांनी खोटं सांगितलं नव्हतं. त्यांच्या जिभेवर जे आलं ते त्यांनी सांगितलं. चाळीस वर्षांचं पाठांतर डोक्यात होतं, ते वापरता आलं असतं, पण स्वतःच्या मुलाच्या बाटलीवर त्यांनी ते वापरलं नाही. त्या मेजावर नाक नसलेला एकच माणूस होता आणि खरं बोलणाराही तोच.

आता नाकवाल्यांचं ऐका.

"हो बाबा," दादा म्हणाला. "जरा... गेल्यासारखीच वाटतेय."

"मास्तर म्हणतात तर," एव्हारिस्तो पेल्यात बघत म्हणाला. "साठ वर्षं म्हणजे... होतं असं कधी कधी." तो बोलला आणि त्यानं मेलेल्या वाइनचा आणखी एक घोट घेतला, आणि तो गिळायला त्याला इतका वेळ लागला की मी मोजत होते.

"मला काय कळतं म्हणा," वहिनी म्हणाली. "पण मला या वेळी खोकल्याचं औ..."

"तू हलवलीस!" बाबा तिच्याकडे वळले. आवाज मोठा नव्हता. ते कधीच ओरडत नाहीत. "युद्धं झाली, राज्यं बदलली, सासू गेली तुझी, आणि ही झोपून होती. तुला एक सकाळ धीर धरवला नाही. मोरीत फिरवलीस पिंपासारखी. तिला हवा लागली, धक्का लागला, ती गेली."

वहिनीनं पेला खाली ठेवला. ती लगेच रडली नाही. आधी तिनं मेजावरची चेस्टनटची फोलपटं एका जागी गोळा केली, तळहातानं, एकही न सोडता. मग रडली. "आमांदियो," ती म्हणाली, "तुझी होती ती. तुझ्या नावाची. माझ्या हातानं..."

"असू दे गं," दादा म्हणाला. "वाइनच आहे."

त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला, आणि दुसरा हात आपल्या पेल्यावर. मला दोन्ही हात दिसत होते. बायकोला तो सांगू शकत होता. एक शब्द पुरला असता. पण त्या शब्दाच्या दुसऱ्या टोकाला बाबा होते.

मी दोन वर्षं मनाशी म्हणत आले होते की हे गप्प राहणं म्हणजे माया आहे. कुणाचं काय जातं त्यात? म्हाताऱ्याचा मान राहतो, गुरुवारचा कागद भरतो, मलाही, खरं सांगायचं तर, चाखायला मिळतं. पण त्या मायेला आता एक खुनी लागला होता, आणि आम्ही सगळ्यांनी मिळून तो शोधून दिला होता. फडकं घेऊन मेजाच्या कोपऱ्यावर बसलेली.

बाबा उठले. मेलेली वाइन मेजावर ठेवत नाहीत, हा त्यांचा नियम. मोठमोठ्या लोकांच्या मेजांवरूनही त्यांनी उचलायला लावली होती. त्यांनी सुरई घेतली, आणि दुसऱ्या हातानं पेले गोळा करायला लागले.

वहिनीनं आपला दिला. एव्हारिस्तोनं आपला रिकामाच करून दिला. दादानं हात काढला नाही.

"मेलेल्यावर हात कशाला ठेवतोस?" बाबांनी विचारलं.

"आठवण म्हणून," दादा म्हणाला. बाबा त्याच्याकडे बघत राहिले, जरा जास्तच वेळ. मग वळून स्वयंपाकघरात गेले.

आमच्या ओट्याशेजारी व्हिनेगरचा रांजण आहे, आईच्या वेळचा. उरलीसुरली, आंबलेली, बुरसलेली वाइन त्यात जाते. वर लाकडी झाकण. एकदा आत गेलं की तीन आठवड्यांत ते सगळं सारखंच होतं, कुठलं साल, कुणाच्या नावाचं, काही उरत नाही. मी त्यांच्या मागोमाग गेले. दारात दादा आणि एव्हारिस्तो येऊन उभे राहिले, लग्नात दोन व्याही उभे राहतात तसे, हात मागे बांधून. त्यांच्या मागे वहिनीचं हुंदकणं.

"झाकण काढ, ओती."

मी झाकणावर हात ठेवला आणि काढलं नाही.

"हात काढ. सांडेल."

"सांडू दे."

सुरई त्यांच्या हातात तिरकी होती. तिच्या काठापर्यंत वाइन आली होती आणि तिथे थांबली होती, त्यांच्या मनगटाएवढीच स्थिर. इतक्या जवळून तो वास माझ्या डोळ्यांत पाणी आणत होता. संत्र्याचं साल आता पुढे आलं होतं. अंजिरं मागे गेली होती. ती अजून उलगडत होती, बाटलीबाहेर येऊन तिला जेमतेम तीन तास झाले होते, आणि तिला काय काय सांगायचं होतं.

"मी तुला सकाळी काय सांगितलं?" बाबा हळूच म्हणाले. फक्त मला ऐकू जाईल असं. "मुरंबा नको म्हणून सांगितलं ना?"

"सांगितलंत."

"मग?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मिठाची बरणी काढताना मी दिसले नव्हते, आता दिसत होते. त्यांच्या नजरेत राग नव्हता. मी लहान असताना पेले धुवून आणून दिले की ते एकेक पेला उजेडाकडे धरून बघायचे, कुठे डाग राहिलाय का, तसे बघत होते. थांबले होते.

बाहेर वहिनीनं नाक शिंकरलं. मी झाकणावरचा हात तसाच ठेवला आणि दुसऱ्या हातानं खालून सुरई धरली, त्यांच्या हातासकट.

"मुरंबा नाही, बाबा," मी म्हटलं. मोठ्यानं म्हटलं, बाहेर ऐकू जावं म्हणून. "वहिनीनं काही मारलेलं नाही. वाइन जिवंत आहे. तुम्हाला वास येत नाही."